खुराड्यातली चित्रशाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नावाचे एक चिमुकले बेट आहे. १८६४ च्या जानेवारीत या बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी एका घरात मोठी उलथापालथ चालली होती. मागल्या अंगणात काचा लावलेले एक कोंबड्यांचे खुराडे होते. ते रिकामे करण्यात आले. कोंबड्यांना मोकळे सोडले. त्या कुणाच्या ताटात गेल्या नसाव्यात, अशी आशा मालकीणबाईंनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. शेजारची कोळशाची खोली झाडूनपुसून तिची अंधारखोली केली. आणि वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पार केलेली, सहा मुलांची आई असलेली ती बाई एका लाकडी पेटीपुढे उभी राहिली. त्या पेटीत काय घालायचे, कुठे काय लावायचे, माणूस किती अंतरावर बसवायचा, यातले तिला काहीही ठाऊक नव्हते.

ती पेटी म्हणजे कॅमेरा. आदल्या महिन्यात, १८६३ च्या डिसेंबरात, लेकीने आणि जावयाने तो भेट दिला होता. मुले मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली, नवरा सिलोनमध्ये कॉफीचे मळे पाहायला गेलेला. घर खायला उठत असेल, आईला तेवढाच विरंगुळा, एवढाच लेकीचा हेतू. पण ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी त्या विरंगुळ्याचे काय केले, हे जगाने पुढची अकरा वर्षे पाहिले. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ छायाचित्रकारांच्या यादीत आज त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातात आलेल्या यंत्रातून एवढे मोठे काम उभे राहते कसे? केवळ दैवी देणगी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ज्युलियाबाईंचा कॅमेरा नवा होता, पण त्यामागचे डोळे तीस वर्षे तयार होत होते.

कलकत्त्याची लेक

ज्युलियाबाईंचा जन्म आपल्याकडचा. ११ जून १८१५ रोजी त्या कलकत्त्यात जन्मल्या. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. शिक्षण बहुतेक सारे फ्रान्समध्ये, आजीपाशी झाले. पॅटल बहिणी कलकत्त्याच्या गोऱ्या समाजात रूपासाठी प्रसिद्ध होत्या. सगळ्यांत ज्युलिया तेवढी दिसायला साधी. बाकीच्यांना रूप मिळाले आणि हिला हुशारी, असे लोक म्हणत. सौंदर्याने गजबजलेल्या घरात स्वतः साधे असणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. पुढे आयुष्यभर या बाईंनी सौंदर्याचा जो ध्यास घेतला, त्याची एक मुळी या घरात असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तब्येत सुधारावी म्हणून १८३६ च्या सुमारास त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला गेल्या. तिथे दोन माणसे भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन. वयाने वीस वर्षांनी मोठे, कायद्याचे पंडित. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचे लग्न झाले. मेकॉलेबरोबर विधी आयोगात काम करणारे हेच कॅमेरॉन. त्या आयोगाच्या मसुद्यातून पुढे १८६० ची भारतीय दंड संहिता आकाराला आली आणि २०२४ च्या मध्यापर्यंत ती आपल्या देशात लागू होती.

दुसरा माणूस म्हणजे सर जॉन हर्शेल. दक्षिण गोलार्धातले तारे मोजायला ते केपला येऊन राहिले होते. ताऱ्यांइतकेच त्यांना रसायनांचेही वेड. हायपो नावाच्या द्रव्यात चांदीचे क्षार विरघळतात, हा त्यांचा शोध. त्याच्याच जोरावर पुढे कागदावर उमटलेले चित्र टिकवता येऊ लागले. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द छायाचित्रणात रुळवले तेही त्यांनीच. १८३९ मध्ये युरोपात या नव्या विद्येची घोषणा झाली, तेव्हा हर्शेल यांनी कलकत्त्याला पत्र लिहून ज्युलियाबाईंना ती बातमी कळवली आणि काही वर्षांत चित्रांचे नमुनेही पाठवले. सूर्यप्रकाशाने स्वतः काढलेली ती चित्रे हाती धरून बाई किती वेळ बसून राहिल्या असतील! कॅमेरा हाती यायला अजून दोन तपे होती, पण बी पडले ते इथे. हर्शेल यांना त्या शेवटपर्यंत आपले पहिले गुरू मानत राहिल्या.

चित्रकारांचे घर

१८४८ मध्ये कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला परतले. लंडनच्या केन्सिंग्टन भागात ज्युलियाबाईंची बहीण सारा प्रिन्सेप यांचे घर होते, लिटल हॉलंड हाऊस. आपल्याकडे एखाद्या वाड्यात गवयांचा, कवींचा राबता असावा, तसा या घरात चित्रकारांचा आणि लेखकांचा असे. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे नामवंत चित्रकार तर या घरी राहायला आले ते वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले.

वॉट्स यांच्याकडून ज्युलियाबाई काय शिकल्या? व्यक्तिचित्र म्हणजे नाक, डोळे, कोटाची बटणे यांची यादी नव्हे. समोरच्या माणसाच्या मनाचा, त्याच्या आयुष्याच्या उंचीचा अंदाज चेहऱ्यावरून यायला हवा. बाकीचे सारे काळोखात गेले तरी चालेल. इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांच्या प्रती काढून सभासदांना पाठवणारी अरुंडेल सोसायटी नावाची संस्था लंडनमध्ये होती. तिच्यामुळे जोत्तो, पेरुजिनो, राफाएल हे चित्रकार बाईंच्या घरच्या भिंतींवर आले. रेम्ब्रांटचा एका बाजूने येणारा सोनेरी उजेड त्यांना पाठ होता.

तिसरा धडा डेव्हिड विल्की विनफिल्ड या चित्रकाराचा. हा गृहस्थ आपल्या चित्रकार मित्रांना जुन्या काळचे पोशाख घालून अगदी जवळून त्यांची छायाचित्रे काढी. चेहऱ्याने चौकट भरून जाई आणि कडा मऊ, धूसर राहत. त्याच्याकडून बाईंनी एकदा प्रत्यक्ष पाठ घेतला आणि त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

शास्त्रज्ञाने विद्येची ओळख करून दिली, चित्रकाराने दृष्टी दिली, छायाचित्रकाराने वाट दाखवली. शिदोरी बांधून तयार होती. उणीव होती ती कॅमेऱ्याची.

काळे हात, डागाळलेले मेजपोस

त्या काळी फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखे बोट टेकवण्याचे काम नव्हते. काचेच्या तावदानावर कोलोडिअन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत अंधारखोलीकडे धाव घ्यायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच धुवायची, वाळवायची, तिच्यावर वार्निश चढवायचे. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात छाप काढायचा. एक शिंतोडा, एक केस, एक बोट लागले की सारे वाया.

ज्युलियाबाईंचे हात सिल्व्हर नायट्रेटने काळे पडलेले असत. ओली चित्रे हातात घेऊन त्या थेट जेवणाच्या खोलीत नवऱ्याला दाखवायला धावत. घरातले मेजपोस डागांनी कायमचे खराब झाले. चार्ल्स कॅमेरॉन यांनी मात्र दरवेळी कौतुकाने ती चित्रे पाहिली. कर्तबगार बायकांच्या चरित्रांत असा नवरा क्वचितच भेटतो, म्हणून त्याची नोंद करायची.

जानेवारी संपता संपता यश आले. ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा चेहरा काचेवर नीट उतरला. बाईंना आनंद इतका झाला, की या पोरीला काय देऊ आणि काय नको, म्हणून त्या घरभर बक्षिसे शोधत फिरल्या. त्याच दिवशी छाप काढून, चौकटीत बसवून तो त्यांनी मुलीच्या वडिलांच्या हाती दिला. हे आपले पहिले यश, असे त्यावर लिहून ठेवले. त्याआधीच्या सगळ्या खटपटी त्यांनी जमेस धरल्याच नाहीत.

चूक की शैली?

वर्षभरातच बाई लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, प्रदर्शनांत चित्रे पाठवू लागल्या. आणि टीकेचा मारा सुरू झाला. चित्रे धूसर आहेत, फोकस नाही, काचेवर ओरखडे आहेत, बोटांचे ठसे आहेत, तडा गेलेल्या काचेवरूनही छाप काढलेले आहेत. या बाईने आधी आपले तंत्र शिकून यावे, असाच छायाचित्रणाच्या नियतकालिकांचा सूर होता. केसन् केस स्पष्ट दिसणे हीच ज्यांच्या लेखी उत्तम फोटोची खूण, त्यांना ही चित्रे म्हणजे निव्वळ गचाळपणा वाटला.

टीकाकारांचे सगळेच चुकले होते असे नाही. बाईंच्या कामात निष्काळजीपणा होताच. पण धूसरपणाची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या भिंगाने चित्राचा थोडाच भाग रेखीव येई, बाकीचा पुसट होई. रेखीवपणा आणण्यासाठी भिंगाचा स्क्रू फिरवत असताना मध्येच कुठेतरी चेहरा बाईंना सुंदर दिसे आणि त्या तिथेच थांबत. पुढचा माणूस आणखी फिरवत राहिला असता. अचूक फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणाला, असा सवाल त्यांनी हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात केला होता.

पण हे भिंगाच्या दोषाचे समर्थन नव्हे कशावरून? त्याचा पुरावा १८६६ मध्ये मिळाला. त्या वर्षी बाईंनी मोठा कॅमेरा आणि उत्तम भिंग घेतले. काचेचा आकार आता पंधरा इंच बाय बारा इंच. हवे असते तर पापणीचा केस मोजता येईल असे चित्र त्या काढू शकल्या असत्या. त्यांनी काढले नाही. उलट त्या माणसाच्या आणखी जवळ गेल्या आणि जवळजवळ खऱ्या आकाराचे चेहरे टिपू लागल्या. डोळे आणि कपाळ उजेडात, कान आणि खांदे धुक्यात. आधी जो अपघात होता तो आता निर्णय झाला. कलावंताची वाढ म्हणतात ती हीच. विनफिल्डचा मऊपणा, वॉट्सचे गांभीर्य, रेम्ब्रांटचा उजेड, सारे या मोठ्या काचेवर एक झाले आणि त्यातून जे निघाले ते कुणाचेच नव्हते, फक्त ज्युलियाबाईंचे होते. ही नवी चित्रे हर्शेल यांना पाठवली, तेव्हा चेहरा कागदातून जिवंत बाहेर येतो आहे, असा त्यांचा अभिप्राय आला. त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात बाईंना सुवर्णपदक मिळाले.

१८६७ च्या एप्रिलमध्ये सगळा सरंजाम घेऊन त्या केंटमध्ये हर्शेल यांच्या घरी गेल्या. गुरू आता पंचाहत्तर वर्षांचे होते. बाईंनी त्यांना केस धुवायला लावले आणि ते पिंजारून मोकळे ठेवले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केसांचे वलय, खोल गेलेले डोळे, चेहऱ्यावर वर्षानुवर्षे आकाश न्याहाळल्याचा थकवा. हे चित्र ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. टेनिसन, कार्लाइल, ब्राउनिंग, डार्विन हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. डार्विन १८६८ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला कॅमेरॉन यांच्याच एका घरात भाड्याने राहायला आले होते. आपल्या चित्रांत हे त्यांना सर्वांत आवडते वाटले.

मोलकरणीची माता मेरी

थोर पुरुष काही रोज मिळत नसत. मग घरातली माणसे होतीच. मेरी हिलियर ही बाईंच्या घरची मोलकरीण. तिला डोक्यावरून वस्त्र देऊन, शेजारचे एखादे मूल मांडीवर ठेवून बाईंनी तिची असंख्य चित्रे काढली. ती इतक्यांदा येशूची आई झाली की गावात लोक तिला मेरी मॅडोना म्हणू लागले. राफाएलच्या चित्रातली मॅडोना एका खेड्यातल्या कामवालीत पाहणे, यात बाईंच्या डोळ्यांची सगळी घडण दिसते.

दुसरी मेरी रायन. लंडनजवळच्या पटनी हीथच्या माळरानावर आयरिश आईबरोबर भीक मागताना ती बाईंना दिसली. बाईंनी मायलेकींना आश्रय दिला, मुलीला शिकवले. ती घरकाम करी आणि चित्रासाठीही बसे. लंडनच्या प्रदर्शनात तिचे चित्र एका तरुणाने पाहिले आणि तो तिच्या प्रेमात पडला. १८६७ मध्ये त्यांचे लग्न झाले. तो तरुण म्हणजे हेन्री कॉटन. पुढे तो हिंदुस्थानात मुलकी सेवेत आला, आसामचा मुख्य आयुक्त झाला आणि निवृत्तीनंतर १९०४ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. मुंबईकरांनी ज्या सर हेन्री कॉटन यांचे भाषण ऐकले, त्यांच्या संसाराची सुरुवात एका छायाचित्रापासून झाली होती!

आणि भाची ज्युलिया जॅक्सन. तीही जन्माने कलकत्त्याची. १८६७ मध्ये, लग्नाच्या आधी, मावशीने तिची जी चित्रे काढली त्यांत कुठलाही पोशाखी थाट नाही, कुणाची भूमिका नाही. नुसता चेहरा, अर्ध्यावर उजेड आणि अर्ध्यावर सावली. बाईंच्या स्त्रियांच्या चित्रांत ही सर्वांत साधी आणि सर्वांत खोल. ही भाची पुढे व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेची आई झाली.

पैशाचे गणित आणि शेवटचा प्रवास

हे सारे हौसेपोटी चालले होते, असा समज होऊ शकतो. तो खरा नाही. सिलोनमधले कॉफीचे मळे अडचणीत होते, घरात पैशाची ओढ होती. बाईंना आपली चित्रे विकायची होती. पाचशेहून अधिक चित्रांच्या हक्कांची त्यांनी रीतसर नोंदणी केली, लंडनच्या कोलनागी या नामांकित दुकानातून ती विकायला ठेवली. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाने १८६५ मध्येच त्यांची चित्रे घेतली आणि १८६८ मध्ये व्यक्तिचित्रांसाठी दोन खोल्याही वापरायला दिल्या. मान मिळाला, पण रसायने, काचा आणि कागद यांचा खर्च मोठा होता. संसाराला हातभार लागेल अशी मिळकत झाली नाही.

१८७३ मध्ये दुसरा आघात झाला. ज्या लेकीने कॅमेरा दिला होता ती बाळंतपणात गेली. पुढच्याच वर्षी बाईंनी आपल्या छायाचित्रणाच्या आठवणी लिहायला घेतल्या. त्या अपुऱ्याच राहिल्या. त्याच सुमारास शेजारी असलेल्या टेनिसन यांनी राजा आर्थरवरच्या आपल्या काव्यासाठी चित्रे मागितली. बाईंनी घरची, गावातली माणसे गोळा करून राजे, राण्या, सरदार उभे केले. पांढऱ्या दाढीचे चार्ल्स कॅमेरॉन जादूगार मर्लिन झाले. त्यांना हसू आवरेना, अशी गोष्ट सांगतात. पुस्तकात मात्र ही चित्रे लहानशा लाकडी ठशांच्या रूपात, तीही थोडीच आली. बाई हिरमुसल्या, पण बसून राहिल्या नाहीत. स्वतःच्या खर्चाने त्यांनी १८७४ आणि १८७५ मध्ये मोठ्या आकाराचे दोन खंड काढले. त्यांतली काही चित्रे आज शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वाटतात. चित्रकारांचे अनुकरण जिथे वरचढ झाले तिथे बाई कमी पडल्या, आणि चेहऱ्याशी एकट्या उरल्या तिथे त्या कुणालाही हरल्या नाहीत.

१८७५ च्या अखेरीस दोघे सिलोनला निघाले. तिथे मुले होती, मळे होते आणि राहणे स्वस्त होते. सिलोनमधली तीसेक चित्रेच आज उरली आहेत. मळ्यावरचे मजूर, स्थानिक स्त्रिया, मुले यांची ती चित्रे सुंदर आहेत. पण एक गोष्ट खटकते. फ्रेशवॉटरची मोलकरीण नावानिशी इतिहासात गेली, सिलोनमधल्या बहुतेक चेहऱ्यांखाली नावच नाही. कलकत्त्यात जन्मूनही काही गोष्टी बाईंच्या भिंगात आल्या नाहीत, हेही सांगायला हवे.

२६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनच्या डोंगराळ भागातल्या दिकोया खोऱ्यात त्यांचे निधन झाले. बोगवंतलावाच्या लहानशा चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. पुढच्या वर्षी चार्ल्सही गेले.

नंतर बराच काळ त्यांचे नाव मागे पडले. १९२६ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी, मृत्यूनंतर तीन वर्षांनी जन्मलेल्या नातीने, आपल्या आजीच्या या बहिणीच्या चित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा पुन्हा लोकांचे लक्ष गेले. फ्रेशवॉटरचे ते घर, डिम्बोला, १९९० च्या दशकात पाडले जाता जाता वाचले आणि तिथे आता संग्रहालय आहे. बाराशेहून अधिक चित्रे जगभरच्या संग्रहांत जपली गेली आहेत. ज्या धूसरपणाबद्दल बोलणी खाल्ली, त्याच धूसरपणापुढे लोक आज थबकून उभे राहतात.

आणि त्या साऱ्यांत ॲनीचे ते पहिले चित्रही आहे. साधा कोट, थोडे विस्कटलेले केस, बाजूला वळलेली नजर. दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण एका आईच्या रिकाम्या झालेल्या घरात त्या दिवशी किती आनंद झाला असेल, ते त्या चित्राकडे पाहताना आजही कळते.